स्मशानवैराग्याची मुदत

मोक्षधामावरून किंवा अंबाझरीच्या घाटावरून परतताना नागपूरकर अर्धा तास तत्त्वज्ञ असतो. "काय घेऊन जातो भाऊ माणूस सोबत!" असं कोणीतरी म्हणतंच. बाकीचे मान हलवतात. मग टपरीवर कट चहा येतो आणि दुसऱ्या घोटाला विषय निघतो, "बेसाकडचा तो प्लॉट काय भावानं गेला?"

याला आपण स्मशानवैराग्य म्हणून हसतो, पण प्लॉट तिथे उगाच उगवत नाही. मरणाची धास्ती माणूस आपल्या प्रतिष्ठेखाली आणि समाजाच्या श्रद्धांखाली झाकतो, असा सिद्धांत ग्रीनबर्ग, पिझिन्स्की आणि सॉलोमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1986 मध्ये मांडला. मरणाची आठवण ताजी असते तोवर तो तिला टोलवतो: "मी रोज फुटाळा तलावावर फिरतो, बीपी नॉर्मल आहे." विचार जरा मागे सरकला की मोठेपणाला घट्ट धरतो. मात्र 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक प्रयोगशाळांनी मिळून केलेल्या प्रयोगात हा परिणाम दिसला नाही. तेव्हा सगळा दोष मरणावर नको. प्लॉट नागपूरकराला एरवीही सुचतो.

समाधान मोजायचंच असेल तर मानसशास्त्रज्ञ एड डीनर आणि सहकाऱ्यांची 1985 ची मोजपट्टी सोपी आहे. आयुष्याबद्दलची पाच विधानं, प्रत्येक किती पटतं त्यानुसार 1 ते 7 गुण. बेरीज 5 ते 35, मध्य 20. घाटावरून आल्या दिवशी ती भरू नये, पगारवाढीच्या दिवशीही नाही. त्या दिवसाचा रंग उत्तरांत उतरू शकतो. पंधरा दिवसांनी पुन्हा भरावी आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवावेत.

खरी मेख पुढे आहे. मरण आठवलं की लोक यादी करतात: काशी, युरोप, पोराचं लग्न, दुमजली घर. यादी लांबते, समाधान जागचं हलत नाही. मानसशास्त्रज्ञ केनन शेल्डन यांची रीत इथे कामाची. प्रत्येक ध्येयापुढे कारणांचे चार रकाने आखा: कोणी सांगितलं म्हणून, नाही केलं तर अपराधी वाटेल म्हणून, मनापासून पटतं म्हणून, करताना मजा येते म्हणून. कारण जितकं लागू, तितके जास्त, 1 ते 9 गुण. शेवटच्या दोहोंच्या बेरजेतून पहिल्या दोहोंची बेरीज वजा करा. उत्तर ऋण आलं तर ते ध्येय दुसऱ्याचं आहे, आपण फक्त हमाली करतोय. दुमजली घराचं गणित बहुतेकदा इथेच उघडं पडतं. उरलेल्यांतली दोनच ठेवा आणि या आठवड्यात काय करायचं ते क्रियापदासकट लिहा. "तब्येत सुधारणे" हे ध्येय संपतच नाही, म्हणून सुरूही होत नाही.

वेळ थोडा उरलाय असं वाटलं की माणूस नव्या ओळखी सोडून जवळच्यांकडे वळतो, हे मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन यांनी दाखवलंय. काटोल-नरखेडकडे मात्र आणखी एक जात दिसते: सत्तरीत संत्र्याची कलमं लावणारी. फळ धरायला चार-पाच वर्षं लागतात, हे त्यांना आपल्यापेक्षा पक्कं ठाऊक असतं. "बाबाजी, फळं कोण खाणार?" असं विचारलं तर उत्तर पाण्याबद्दल मिळतं: "आळं दुहेरी कर बाबू. आतलं कोरडं ठेव, पाणी बाहेरच्यात सोड. बुंधा भिजला की डिंक्या रोग धरते."