आमची वाटचाल : भिलाईचे आजोबा आणि बाबा यागा

आमच्याकडे माणसं दोनच. मी गोष्ट सांगते. धाकटा भाऊ डफ वाजवतो, तिकिटं विकतो आणि हॉलच्या भाड्यावरून हुज्जत घालतो. प्रेक्षक मोठेच हवेत, हा पहिल्यापासूनचा हट्ट. रशियन परीकथा म्हटलं की लोक नातवंडांना घेऊन येतात. मग दारातच सांगावं लागतं, बाबा यागा म्हणजे जंगलात राहणारी म्हातारी चेटकीण, तिच्या कुंपणावर माणसांच्या कवट्या आहेत हो!

या धंद्याचं मूळ भिलाईत. सोव्हिएत मदतीने तिथे पोलाद कारखाना उभा राहिला, १९५९ साली पहिली झोतभट्टी पेटली. वर्ध्याचे आमचे आजोबा तिथे फिटर म्हणून लागले आणि रशियन इंजिनिअरांच्या हाताखाली कामापुरती रशियन शिकले. घरात मॉस्कोत छापलेली मराठी पुस्तकं आली, अगदी स्वस्तातली. सोव्हिएत संघ मोडल्यावर ती यायची थांबली. आजीने मात्र एकही रद्दीत जाऊ दिलं नाही.

आजी सावत्र आईच्या हाताखाली वाढलेली. त्याबद्दल ती कधी बोलली नाही, पण वासिलिसाची गोष्ट पुन्हापुन्हा सांगायची. मरताना आई मुलीला एक बाहुली देते: हिला घासभर खाऊ घाल आणि आपलं दुःख सांग. पुढे सावत्र आईच्या मुली तिला विस्तव आणायला बाबा यागाकडे धाडतात. आमच्या पहिल्या प्रयोगात मी इथे थांबून आजीचं माहेर सांगितलं. मग वासिलिसा पेटत्या डोळ्यांची कवटी घेऊन घरी येते आणि त्या नजरेने सावत्र आई नि तिच्या मुली जळून कोळसा होतात. आत्या पुढच्याच रांगेत होती. नंतर म्हणाली, "आई अशी नव्हती गं." आणि ती कशी होती, ते हॉलचा रखवालदार दिवे घालवेपर्यंत सांगत बसली.

ते ऐकत थांबलेल्यांपैकी एकीने विचारलं, आमच्या घराचं असं करून द्याल का? आज आमचं पोट मुख्यतः त्यावर चालतं. ज्येष्ठांकडे बसून बोलणं टिपायचं, गोष्ट निवडायची, आणि घरच्यांनी नको म्हटलेलं काढून टाकायचं. एका घरात वाड्याच्या कागदांवरून दोन भावांचा अबोला होता. त्यांना कोश्चेई दिला, म्हणजे परीकथांमधला सहजी न मरणारा दुष्ट. त्याचं मरण सुईच्या टोकात, सुई अंड्यात, अंडं बदकात, बदक सशात, ससा पेटीत. पेटीपाशी आल्यावर धाकटे भाऊ खाली बघू लागले.

मराठी अनुवाद आम्ही वापरत नाही. ते दुसऱ्यांचे कष्ट आहेत. लोककथा गोळा करणाऱ्या अफनास्येव्हने १८५५ ते १८६३ या काळात छापलेल्या मूळ रशियन कथांवरून मीच नव्याने बांधते. बाबा यागाची हडळही करत नाही. शेवट मात्र त्यांच्याच रीतीने करतो: मीही होतो त्या मेजवानीला, मद्य मिशांवरून ओघळलं, तोंडात थेंब गेला नाही. घरच्या गोष्टींना हे आमच्या 'सुफळ संपूर्ण'पेक्षा जास्त शोभतं, असं माझं मत.

सध्या पंचाहत्तरीची बोलावणी बरी येतात. लग्नाच्या संगीतात वीस मिनिटांचं काहीतरी हलकंफुलकं मागणाऱ्यांना भाऊ परस्पर नाही म्हणून टाकतो.