इमोएनची सुटका

बायोवेअरने २००० साली आणलेला ‘बाल्डर्स गेट २ : शॅडोज ऑफ आम्न’ हा गेम मी आजही आवडीने खेळतो, आणि त्याचे मोठे कारण इमोएन हे आहे. कँडलकीपमध्ये आपल्याबरोबर लहानाची मोठी झालेली ही मुलगी गेमच्या आरंभी इरेनिकस या दुष्ट जादूगाराच्या तळघरात आपल्याला पिंजऱ्यातून बाहेर काढते. पुढे अथकाट्ला शहराच्या भर बाजारात ती इरेनिकसवर मंत्र सोडते आणि परवान्याशिवाय जादू केली म्हणून काउल्ड विझर्ड्स, म्हणजे शहरातल्या जादूवर नियंत्रण ठेवणारे जादूगार, तिला त्याच्यासकट पकडून नेतात.

तिच्यापर्यंत पोहोचवण्यासाठी गेलन बेल हा मध्यस्थ २०,००० सुवर्णमुद्रा मागतो. एवढी रक्कम जमवायची तर नालिया या सरदारकन्येच्या गढीतले ट्रोल (राक्षस) हुसकावणे, ट्रेडमीट गावावर प्राणी का हल्ले करत आहेत याचा छडा लावणे, अशी मिळतील ती कामे अंगावर घ्यावी लागतात. कथा घाई करायला सांगते, पण खेळात मुदत कोणतीच नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. मात्र आपण अशा कामांत गुंतलेलो असताना स्पेलहोल्ड या तुरुंगाच्या कोठडीतील इमोएन आणि तेथील जादूगारांना मारून तो तुरुंगच ताब्यात घेणारा इरेनिकस मधूनमधून पडद्यावर दिसत राहतात, आणि ती दृश्ये पाहिल्यावर पुढच्या कामात मन रमत नाही.

२०२३ च्या ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये भाल या खुनाच्या देवाची भक्त ओरिन आपल्या तळावरून एखाद्याला पळवते तेव्हाही काळजात धस्स होते, परंतु भालच्या मंदिरातून सुटलेला साथीदार बहुतेक पूर्वीसारखाच परततो. स्पेलहोल्डमध्ये तसे होत नाही. ब्रिनलॉ बेटावरच्या या तुरुंगात आपण पोहोचतो तोपर्यंत इरेनिकसने इमोएनचा आत्मा काढून घेतलेला असतो, आणि सोडवायला आलेल्या आपल्यावरही तोच प्रसंग ओढवतो. सुरुवातीपासून सोबत असलेला, कुलपे उघडण्यात तरबेज असा योशिमो तिथेच उलटतो, कारण इरेनिकसने त्याला मंत्राने बांधलेले असते. पार्टीत, म्हणजे आपल्या गटात, सहाच जण मावतात; योशिमोची जागा रिकामी होते आणि ती घ्यायला, कुलपे उघडू शकणारी इमोएन समोर उभी असते. ही मांडणी मला लेखनाचा उत्तम नमुना वाटते. योशिमोला आपण सोबत घेतलेच नसेल, तर मात्र तिच्यासाठी दुसऱ्या कोणाला तरी निरोप द्यावा लागतो, आणि ती निवड अवघड असते.

कैदेत गेलेला काळ तिच्या आकड्यांतही दिसतो, कारण बाकीचे बरेच पुढे गेलेले असतात आणि तिचा अनुभव त्यांच्या मानाने तोकडा असतो. या गेममध्ये गुंडाळीवरचा मंत्र वहीत उतरवला की जादूगाराला अनुभवाचे गुण मिळतात. त्यामुळे पैसे जमवण्याच्या दिवसांत हाती आलेल्या एकाच मंत्राच्या जादा गुंडाळ्या मी विकत नाही, मग रक्कम जमायला कितीही उशीर होवो. त्या सगळ्या इमोएनसाठी राखून ठेवतो.