तिकडं जाऊन बोलणं बदलावं का?

भाचीचं बीएस्सी नर्सिंग झालंय, तिला इंग्लंडला जायचंय. लातुरात नीट-जेईईच्या बोर्डांच्या गर्दीत आता आयईएलटीएसचे, म्हणजे परदेशी जायला लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेचे, क्लास पण आलेत, त्यातल्या एकानं तिला सांगितलं ब्रिटिश अ‍ॅक्सेंटची बॅच वेगळी, फी वेगळी. ती म्हणली, मामा तुम्ही तिकडं राहून आलाव, लावू का? मी म्हणलं आधी हे विचार, कोणता ब्रिटिश? ग्लासगोचा माणूस बोलला की लंडनवाल्याला दोनदा विचारावं लागतं, बर्मिंगहॅमच्या बोलण्याची तर खुद्द इंग्रजच टिंगल करतात. आपण नक्कल करायची तरी कुणाची?

परीक्षेत स्पीकिंगला ओघ, शब्द, व्याकरण आणि उच्चार बघतात. उच्चारात बोललेलं कळतंय का ते बघतात, माणूस कुठला वाटतो ते नाही. नर्सच्या रजिस्ट्रेशनला स्पीकिंगमधी ९ पैकी ७ लागतात, ते लातूरच्या सुरात पण मिळतात.

पण म्हणून 'आपलं हाय तसंच बोलायचं, कळंल त्याला कळंल' हे पण मला पटत नाही. मी लीड्सला असताना दवाखान्यात फोन करून पाटील म्हणलं की पलीकडून कीबोर्डचा आवाज आणि मग, मिस्टर बाटील? कारण साधं आहे, इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीचे प, ट, क हवा सोडून म्हणतात, तोंडापुढं हात धरून त्यांच्यासारखं पी म्हणून बघा, वारा लागतो. आपल्याकडं प वेगळा आणि फ वेगळा, म्हणून आपण प ला हवा लावत नाही, आणि तसला कोरडा प त्यांच्या कानाला ब वाटतो. थोडी हवा लावून पाटील म्हणायला लागलो, बाटील बंद झालं. ह्यात आपली अस्मिता वगैरे काही गेली नाही बरं का.

आणि नर्सचं तर अजून अवघड. फिफ्टीन आणि फिफ्टी ह्यात जोर कुठं द्यायचा ते चुकलं तर औषधाचा डोस चुकतो. गोऱ्या नर्सा सुद्धा खात्रीसाठी 'वन फाइव्ह', 'फाइव्ह झीरो' असं म्हणतात. एवढं शिकावंच, भाचीला मी हेच घोकायला लावलंय.

खरं तर मराठवाड्याच्या पोरांना हे नवीन नाही. पुण्यात हॉस्टेलला 'काय करायलास' म्हणलं की सगळी हसायची, मग महिन्या-दोन महिन्यात पोरगं 'काय करतोयस' वर यायचं, आणि गावाकडं जाताना बार्शी मागं पडली की परत फोनवर 'येयलोय, येडशीत हाय' सुरू. दोन्ही बोलायला यावं, त्यात काय वाईट? वाईट तेव्हा, जेव्हा पोरगं मित्रांपुढं आईचा फोन उचलायला लाजतं. तसली पण बघितलीत.

डॅलसचा मावसभाऊ पाणी मागताना 'वॉडर' म्हणतो, ते ठीक, नाहीतर वेटरला कळत नाही. पण गावाकडं मावशीला फोनवर 'माझं स्केज्युल टाइट आहे' म्हणला तेव्हा मावशी म्हणली, काय टाइट झालंय रं, डॉक्टरला दाखीव की. मायक्रोसॉफ्टचे नडेला हैदराबादचे, गूगलचे पिचाई तमिळनाडूचे, दोघांच्या बोलण्यात अजून इकडचा सूर ऐकू येतो, कंपन्या चालल्यात की व्यवस्थित. (मोठ्या पदावर गेलं की सगळे कान देऊन ऐकतात हा भाग वेगळा.)

अमेरिकेत तर १९६४ च्या नागरी हक्क कायद्याखाली नुसत्या अ‍ॅक्सेंटवरून नोकरी नाकारता येत नाही, बोलण्यामुळं त्या कामात खरोखर अडथळा येत असंल तरच. मला ही रेघ बरोबर वाटते. काम अडलं तर बदला, नुसतं कुणी हसतंय म्हणून नाही.

लीड्सला माझ्या शेजारी एक यॉर्कशायरचे आजोबा होते. वाक्यातला 'द' गिळायचे, निम्मे शब्द नाकात, सुरुवातीला मी नुसता हसून मान हलवायचो. त्यांना कुणी क्लास लाव म्हणलं नाही, मीच कान देऊन ऐकत बसलो आणि हळूहळू कळायला लागलं. तेवढं त्यांच्या लोकांनी पण आपल्यासाठी करावं की, आपण प ला हवा लावायलो ना!