बाईंच्या चोपन्न वजाबाक्या

स्मरणिकेसाठी मनोगत पाठवावे, असे निमंत्रण आले तेव्हा सहली, स्नेहसंमेलने, मैदान असे पुष्कळ काही लिहिता आले असते. पण माझी लेखणी गणिताच्या बाईंपाशीच अडते, आणि तिने तिथून हलावे अशी माझी इच्छाही नाही.

पाचवीत हातच्याच्या वजाबाकीचा सराव म्हणून बाईंनी एक खेळ दिला होता. चार अंक घ्यायचे, सगळे सारखे नकोत. त्यांच्यापासून होणाऱ्या मोठ्यात मोठ्या संख्येतून लहानात लहान संख्या वजा करायची आणि आलेल्या उत्तराला पुन्हा तेच करायचे. कुठूनही निघाले तरी फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ येते. हा शोध आपल्या देवळालीत शिक्षक असलेल्या द. रा. कापरेकरांचा आणि १९४९ मध्ये तो मद्रासच्या गणित परिषदेत मांडला गेला, हे बाई असे सांगत, जणू त्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या.

माझ्या बाकावरच्या मैत्रिणीने २१११ घेतले. त्यातून १११२ गेले, उरले ९९९. पुढे ९९९ मधून ९९९ गेले आणि हाती शून्य आले. वर्ग हसला, बाई हसल्या नाहीत. त्यांनी ९९९ च्या डावीकडे खडूने एक शून्य काढले आणि ९९९० मधून ०९९९ वजा करायला सांगितले. मग ८९९१, ८०८२, ८५३२ असे करत तीही ६१७४ ला पोहोचली. स्थानिक किंमत मला त्या शून्यामुळे कळली.

आठवीत बाईंनी तीच वजाबाकी अक्षरांत मांडली. अंक उतरत्या क्रमाने अ, ब, क, ड मानले, तर उत्तर ९९९(अ − ड) + ९०(ब − क) येते. त्याला ९ ने नेहमी भाग का जातो, हे आम्हाला अवयव पाडताना दिसले. दहावीत बाई म्हणाल्या, उत्तर केवळ या दोन फरकांवर ठरते; पहिला १ ते ९, दुसरा शून्यापासून पहिल्याइतका, म्हणून शक्यता २ + ३ + … + १० = ५४. त्या चोपन्नही त्यांनी वर्गात वाटून दिल्या आणि सगळ्या ६१७४ ला पोहोचल्यावरच ‘सिद्ध झाले’ असे लिहू दिले. भूमितीतले पक्ष, साध्य, सिद्धता आम्ही पाठ करत होतो. सिद्धता म्हणजे काय, ते मात्र या वजाबाक्यांनी शिकवले.

आज मी अंबडच्या एका कारखान्यात दर्जा नियंत्रण विभागाची प्रमुख आहे. दहा नग बरोबर निघाले म्हणून सगळा माल बरोबर, असे कोणी म्हटले की मी उरलेल्या शक्यता विचारते. माझ्या हाताखालच्या मंडळींना त्याचा कंटाळा येतो, हेही मला ठाऊक आहे.

दहावीला आता प्रत्येकी ४० गुणांचे दोन पेपर आणि २० गुणांचे अंतर्गत मूल्यमापन असते. माझी भाची प्रत्येक उदाहरणाआधी ‘हे पेपरात येतं का?’ असे विचारते. पाचवीतले एखादे उदाहरण दहावीपर्यंत पुरवायला शिक्षकही तोच लागतो आणि तासाला सवडही लागते. ती आता कुठून आणायची? निदान शाळेच्या गणित कक्षात या ५४ शक्यतांचा तक्ता लावावा, अशी समितीला विनंती आहे. तो तयार करून देण्याचे काम मी आनंदाने करीन.