केशर नसलेलं केशराचं गाव

लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीटहून गाडीत बसलो तेव्हा डोळ्यांसमोर काश्मीरमधल्या पांपोरचे फोटो होते, जांभळी शेतं वगैरे. गावाचं नावच सॅफ्रन वॉल्डन, आणि सॅफ्रन म्हणजे केशर! लंडनमधल्याच हॅरोच्या मावशीने निघताना बजावलं होतं, "येताना केशर आण रे, गुढीपाडव्याचं श्रीखंड करू."

पहिला धडा स्टेशनवरच मिळाला. उतरलो ते ऑडली एंडला, आणि गाव तिथून दोनेक मैल लांब. गावाचं स्वतःचं स्टेशन १९६४ साली बंद झालं. मग बस.

शनिवार होता, म्हणजे बाजाराचा दिवस. इथे मंगळवारी आणि शनिवारी बाजार भरतो. बाराव्या शतकात, ११४१च्या सुमारास, जेफ्री द मँडव्हिल या सरदाराने सम्राज्ञी मटिल्डाची परवानगी काढून शेजारच्या न्यूपोर्टचा बाजार उचलला आणि इथे आपल्या किल्ल्याजवळ बसवला. न्यूपोर्टवाल्यांना काय वाटलं असेल! गावाचं जुनं नाव चिपिंग वॉल्डन. चिपिंग म्हणजे बाजार. चौकाला लागून मार्केट रो, बुचर रो, मर्सर्स रो अशा गल्ल्या आहेत. मर्सर म्हणजे कापडवाला. पुण्यात तांबट आळी, बुरूड आळी, तशा या कसाई आळी आणि कापड आळी. बाजारात मांडलेली पालं हळूहळू पक्की झाली, त्यांच्यावर माड्या चढल्या आणि मधे उरली ती एवढीशी वाट. दोन छत्र्या समोरासमोर आल्या तर एकीने मिटावं.

रोपांच्या स्टॉलवर एक आजोबा उभे होते. त्यांना विचारलं, "केशराची शेतं कुठे बघायला मिळतील?"

आजोबा हसले. "दोनअडीचशे वर्षं उशीर झाला तुम्हाला."

खरंच होतं ते. सोळाव्या-सतराव्या शतकात या भागात केशर पिकायचं. कापड रंगवायला, औषधाला, स्वयंपाकाला. गावाला नाव पडलं ते त्यावरून. एका यात्रेकरूने पोकळ काठीत लपवून पहिला कंद आणला, अशी दंतकथा आहे. दंतकथा असली तरी तिच्यात एक मुद्दा खरा आहे: केशराला बी धरत नाही, कंदाला कंद फुटतो तेवढीच वाढ. म्हणजे जगात जिथे जिथे केशर आहे, तिथे तिथे कुणीतरी तो कंद हाताने नेऊन लावलेला आहे.

काम मात्र जिवावरचं. फुलं शरद ऋतूत येतात, ती सकाळी लवकर खुडायची, प्रत्येकातले तीन तंतू नखाने काढायचे, आणि मंद आचेच्या छोट्या भट्टीवर दाबून त्यांच्या वड्या करायच्या. किलोभर केशराला साधारण दीड लाख फुलं. जवळच्या रॅडविंटरचा पाद्री विल्यम हॅरिसन याने सोळाव्या शतकात हे सगळं लिहून ठेवलंय. एका वर्षी पीक इतकं आलं की वॉल्डनचे लोक कुरकुरले, देव आता केशर हगायला लागलाय! लासलगावात कांद्याचे भाव पडल्यावर जे ऐकू येतं, त्याचीच ही सोळाव्या शतकातली आवृत्ती. पुढे बाहेरचं केशर स्वस्त पडायला लागलं, मजुरी परवडेना, आणि शेतकरी दुसऱ्या पिकांकडे वळले. गाव मग बिअरसाठी मोड आणून वाळवलेल्या बार्लीवर, म्हणजे माल्टवर, श्रीमंत झालं. पण नाव बदलायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. माल्ट वॉल्डन ऐकायलाही बरं वाटत नाही म्हणा.

सेंट मेरी चर्चमध्ये केशराचं फूल भेटलं, दगडात. कमानीच्या बाजूच्या कोपऱ्यात कोरलेलं, मान वर करून शोधावं लागतं. गावाच्या चिन्हातही किल्ल्याच्या भिंतीआड तीन फुलं आहेत. भिंतीतलं केशर, म्हणजे 'सॅफ्रन वॉल्ड-इन', असा तो श्लेष. पाचकळ आहे, पण मला आवडला.

चर्च स्ट्रीटवरच्या सन इन या जुन्या सराईपाशी मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. भिंतीवर उठावाचा गिलावा, त्यावर १६७६ हे साल. ओल्या चुन्यात वेलबुट्टी आणि दोन ठोंबे पुतळे: एक टॉम हिकाथ्रिफ्ट हा लोककथेतला वीर, दुसरा त्याने लोळवलेला विस्बेच गावचा राक्षस. टॉमची ढाल म्हणजे गाडीचं चाक, आणि त्याचाच आस हे हत्यार. प्रमाणबद्धता शून्य. आपल्याकडच्या वाड्याच्या भिंतीवर हौशी हाताने काढलेला भीम असाच दिसतो.

एका दुकानात शेवटी केशर मिळालं. डबी उलटून पाहिली, तर स्पेनचं. घेतलं.

चारच्या सुमाराला गावाच्या माळावर गेलो. तिथे हिरवळीत कोरलेला चक्रव्यूह आहे. १६९९ साली तो दुरुस्त केल्याची नोंद सापडते. वाट एकच, फाटा नाही, चुकायची सोय नाही. पण सगळी चालायची तर दीड किलोमीटरच्या आसपास. मी निम्म्यात असताना एक पोरगा सगळे वेढे ओलांडून सरळ मध्यावर जाऊन उभा राहिला. त्याची आजी काठावरून ओरडली, "तसं नाही चालत!" पोरगा निमूट परत आला आणि माझ्या मागून चालू लागला.

आम्ही दोघं पोचेपर्यंत माझी बस गेली होती.