पश्चिमेच्या भिंतीवरचा इन्व्हर्टर

मे महिन्यात सोलापूरचा पारा 42-43 वर गेला की हमखास विचारणा होते: ऊन एवढं कडक, मग सोलरची वीज कमी का? पॅनेलला उजेड हवा असतो, उष्णता नको. त्याची क्षमता आतल्या सेलचं (वीज बनवणाऱ्या चकत्यांचं) तापमान 25 अंश धरून छापलेली असते. भर दुपारी गच्चीवर सेल 70 अंशांपर्यंत तापतो. मोनो पर्क प्रकारच्या पॅनेलचं उत्पादन 25 च्या वर दर अंशाला साधारण 0.35 टक्के घटतं. 45 अंशांचे झाले जवळपास 16 टक्के. 3 किलोवॅटच्या पॅनेलमधून दुपारी अडीच मिळाले तर काळजी नको. पॅनेल गार झालं की ही घट जाते.

पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या इन्व्हर्टरचं तसं नाही. वायर वाचावी म्हणून तो पश्चिमेच्या उघड्या भिंतीवर ठोकतात, आणि हे बघून खरंच वाईट वाटतं. भोवतालची हवा 45-50 अंशांपुढे गेली की बहुतेक इन्व्हर्टर आउटपुट उतरवतात; पेटीवर थेट ऊन असेल तर त्याआधीच. शिवाय आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं (वीज तात्पुरती साठवणाऱ्या भागाचं) आयुष्य तापमानातल्या दर 10 अंशांच्या वाढीला ढोबळमानाने निम्मं होतं. ही झीज भरून येत नाही. उत्तरेची भिंत निवडा, वर-खाली दीड फूट मोकळं ठेवा, हीट सिंकमधली (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांमधली) धूळ कोरड्या ब्रशने काढा. जागा बदलता येत नसेल तर वर पत्र्याचं छोटं छप्पर घाला, पण हवा कोंडू देऊ नका.

यंत्रमागाच्या शेडवर पॅनेल पत्र्याला चिकटवून बसवू नयेत. खाली किमान चार-सहा इंच हवा खेळली पाहिजे.

लेड-ॲसिड बॅटरीचंही आयुष्य 25 च्या वर दर 10 अंशांना निम्म्यावर येतं. चार्जरला तापमान भरपाई असेल तर ती चालू करा: 12 व्होल्टच्या बॅटरीला चार्जिंगचं व्होल्टेज 25 च्या वर दर अंशाला सुमारे 18 मिलिव्होल्ट कमी. 40 अंशांत 14.4 ऐवजी 14.13 व्होल्ट. नाहीतर पाणी झपाट्याने आटतं, प्लेटा उघड्या पडतात. उन्हाळ्यात पातळी दर महिन्याला बघा, डिस्टिल्ड वॉटरच घाला.

पॅनेल सूर्योदयाआधी धुवा. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर काच तडकू शकते. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग राहतात, म्हणून लगेच वायपर फिरवा. पॅनेलच्या वायरी जोडणारे वेगवेगळ्या कंपन्यांचे एमसी-फोर कनेक्टर एकमेकांत बसले तरी संपर्क ढिला राहतो, तिथे उष्णता साचून प्लास्टिक वितळतं. दुपारी इन्फ्रारेड गनने (न शिवता तापमान मोजणाऱ्या यंत्राने) प्रत्येक जोड तपासा. एखादाच शेजारच्यांपेक्षा जास्त तापत असेल तर इलेक्ट्रिशियनकडून यंत्रणा बंद करून दोन्ही टोकं एकाच कंपनीची लावून घ्या.