मुक्कामाची गाडी

पावणेसहाला ड्रायव्हर सेल्फ मारायचा, तोच आमच्या वाडीचा गजर. थंडीत इंजिन दोन-तीनदा घुरघुरून बंद पडायचं. एकदा चालू झालं की आई चुलीपुढूनच हाक द्यायची, "ऊठ गं, गाडी चालू झाली. डबा घेऊन पळ."

दादा तालुक्याला खोली घेऊन अकरावीला होता. साल १९९१, मी सातवीत. त्याचा डबा रोज सहाच्या एसटीनं जायचा. ॲल्युमिनियमचा, तीन खणांचा, वर ऑइलपेंटनं आडनाव आणि गावाचं नाव, कडीला जुन्या लुगड्याची चिंधी घट्ट बांधलेली. एकट्या आमच्या वाडीतून असे सात-आठ डबे निघायचे. कंडक्टर ते ड्रायव्हरशेजारच्या बॉनेटवर ओळीनं लावायचे आणि मध्ये दप्तराची पिशवी खुपसायचे, वळणावर घसरू नयेत म्हणून. खाली इंजिन तापलेलं, त्यामुळे आठ वाजता दादाच्या हातात पडणारा डबा कोमट असायचा. आई रोज तेच वाक्य म्हणायची, "मास्तर, तेवढा पोराचा डबा द्या हो." मास्तर रोज मान हलवायचे. दोन वर्षांत आमचा एकही डबा हरवला नाही. आणि त्या डब्याला तिकीट नव्हतं.

रात्री साडेआठला हीच गाडी परत यायची आणि देवळापुढे उभी राहायची. ड्रायव्हर-कंडक्टर ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत झोपायचे. खोलीत दोन बाजा, एक माठ, एक कंदील. किल्ली आमच्याकडे, कारण घर समोरच. पावसाळ्यात कुणाच्या ना कुणाच्या घरून त्यांना भाकरी जायची. कंडक्टर कंदिलाजवळ बसून दिवसाचा हिशेब लावायचे. पत्र्याच्या ट्रेमधले तिकिटांचे रंगीत गठ्ठे आणि तो पंच मला हातात घेऊन बघायला मिळायचा. टक्‌टक्‌ आवाज करून बघायची परवानगी होती, तिकिटाला हात लावायची नव्हती.

एसटीचा इतिहास म्हटलं की सगळे १ जून १९४८ सांगतात, आणि तो सांगायलाच हवा. पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली, चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. त्याआधी आजोबांच्या भाषेत सगळ्या 'सर्व्हिस मोटारी', म्हणजे खासगी. माणसं भरली की निघणार, नाही भरली तर नाही. एसटीनं आणलेली खरी नवी गोष्ट म्हणजे वेळ. माणसं असोत-नसोत, सहाची गाडी सहाला सुटणार. १९६० साली महाराष्ट्र झाला, महामंडळाचं नाव बदललं. पुढे एशियाड आल्या, शिवनेरी आली, शिवशाही आली. पण त्या सगळ्या मोठ्या रस्त्यांवरच्या. आमच्यापर्यंत पोचला तो लाल डबाच.

मुक्कामाच्या गाडीचं गणित मला त्या कंडक्टरांनीच समजावलं होतं. रात्री गाडी आगारात परत नेली तर एक फेरी रिकामी जाते, पहाटे पुन्हा आणली तर दुसरी. गावात मुक्काम केला की दोन्ही वाचतात. तरीही भारमान काढलं की आमची फेरी मार खायची, कारण रात्रीच्या शेवटच्या टप्प्यात गाडीत चार-पाच माणसं. भारमान म्हणजे किती जागा भरल्या त्याचा हिशेब. बॉनेटवरचे डबे, ताप आलेलं पोर घेऊन पहिल्या गाडीनं सरकारी दवाखाना गाठणारी बाई, संध्याकाळचं प्रॅक्टिकल उरकून अंधार पडल्यावर परतणारी मुलगी यांना त्यात रकानाच नाही. मी स्वतः बारावी केली ती याच गाडीच्या भरवशावर. शेवटची गाडी सरळ देवळापुढे येते म्हणून वडिलांनी मला तालुक्याला पाठवलं. ती नसती तर दहावीनंतर माझं शिक्षण थांबलं असतं, हे त्यांनी बोलून दाखवलं होतं.

२०२० च्या टाळेबंदीत मुक्काम बंद झाला, तो नंतर सुरू झाला नाही. मधल्या काळात वडाप, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या खासगी जिपा, वाढलं, घरटी एक मोटारसायकल आली, आम्हीही गाडीची वाट बघणं सोडलं होतं. आता दिवसा दोन फेऱ्या येतात. आई ७७ वर्षांची आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट, मुलींना बारावीपर्यंत पास फुकट. आईला या सवलतीचा फार आनंद आहे, आधारकार्ड कायम पिशवीत. पण सकाळी नऊची डॉक्टरची वेळ तिला गाठता येत नाही, कारण पहिली गाडीच साडेनऊला आहे.

१ जून २०२२ ला त्याच पुणे-नगर मार्गावर विजेवरची शिवाई धावली. ती बातमी वाचल्यापासून माझ्या डोक्यात एकच विचार आहे. विजेच्या गाडीला चार्जिंगसाठी उभं राहावंच लागतं, आणि मुक्कामाची गाडी रात्री नऊ तास उभीच असते. मग ती आगारातच कशाला उभी हवी? वीस-पंचवीस सीटची लहान गाडी, घाटात वळणारी, रात्रभर गावात चार्ज होणारी. चार्जरला स्वतंत्र डीपी लागेल, ते खर्चाचं काम आहे, मला कळतं. पण आमच्या गावठाणाची लाइन शेतीच्या लाइनपासून वेगळी आहे, रात्री वीज असते. पाच गावांच्या मधल्या एका गावात जरी हे झालं, तरी पाचही गावांची सकाळ सहाला सुरू होईल.

ग्रामसभेत मी हे मांडलं. आधी मुक्काम सुरू करा, डिझेलची गाडी चालेल, विजेचं पुढे बघू, असा ठराव झाला. अर्जाला मुलींची यादी जोडायची म्हणून मी वाडीत घरोघर फिरले. सकाळच्या कॉलेजला जाऊ शकतील अशा अकरा मुली निघाल्या. त्यातल्या तिघींनी दहावीनंतर प्रवेशच घेतलेला नाही. त्यांची नावं मी यादीत सगळ्यात वर लिहिली आहेत.

मागच्या रविवारी ग्रामपंचायतीची ती खोली उघडली. एक बाज मोडलीय, माठ फुटलाय, भिंतीला ओल आहे. आई दारात उभी राहून म्हणाली, "आधी चुना मार. माणसं दमून येतात."